वहीतली शून्यं

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की घरातल्या एका माणसाने वही ठेवायची. रोज तीन नोंदी: झोप किती तास झाली, कोणत्या गोळ्या घेतल्या आणि दारूची ओढ किती वाटली. ओढीला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्यायचा. शून्य म्हणजे दिवसभरात आठवणही आली नाही. दहा म्हणजे उठून दुकानाकडे चालायला लागलो.

वही माझ्याकडे आली. रुग्ण माझ्या घरी राहणार होता आणि मी नांदेडच्या एका दैनिकात बावीस वर्षं बातम्या लिहीत आणि तपासत होतो. लिहिण्याचं काम अशा माणसाकडे जातं.

रुग्ण म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. तोफखान्यात नोकरी करून हवालदार म्हणून ते निवृत्त झाले. लातूरला औसा रोडच्या मागे एका कॉलनीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. निवृत्तीनंतर एका पतसंस्थेत ते रखवालदार होते. ती नोकरी दारूने गेली. नंतर दुसरी मिळाली, तीही गेली. दारू त्यांनी गुत्त्यावर बसून शिकलेली नव्हती. बर्फातल्या ठाण्यावर रम नियमाने मिळायची आणि संध्याकाळी सातला ती घ्यायची सवय लागली. निवृत्तीनंतर बर्फ राहिला नाही, सात मात्र रोज वाजत राहिले.

अक्का रेणापूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. दारू उतरवण्यासाठी दाजींना लातूरच्या एका दवाखान्यात दुसऱ्यांदा भरती केलं, त्या आठवड्यात तिने लातूरच्या घराला कुलूप लावलं. भांडण झालं नाही. तिने दूधवाल्याला नको सांगितलं, गॅसचा रेग्युलेटर बंद केला, किल्ली पर्समध्ये टाकली आणि रेणापूरला एक खोली घेतली. मला फोनवर एवढंच म्हणाली, की त्यांनी उपचार पुरा केला आणि खरा केला तर घर उघडीन. नाहीतर त्यांचं ते, माझं मी. अक्का एकदा बोललेलं बदलत नाही, हे आम्हा भावंडांना लहानपणापासून माहीत आहे.

लातूरच्या डॉक्टरांनीच नांदेडच्या या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. त्यांच्याकडे मॅग्नेटिक स्टिम्युलेशनचं मशीन होतं. डोक्यावर एक कॉइल धरायची, तिच्यातून चुंबकाचे ठोके द्यायचे आणि मेंदूच्या ज्या भागाने स्वतःला आवरायचं, त्या भागाला रोज थोडं जागं करायचं, असा तो उपचार. भूल नाही, चिरफाड नाही. आठवड्यातून पाच दिवस, एकूण वीस सिटिंग. डॉक्टरांनी हमी दिली नाही. दारूसाठी हा उपचार नवा आहे, अजून अभ्यास चालू आहेत, काहींना उपयोग होतो आणि काहींना होत नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. मशीन दारू सोडवत नाही. ओढ थोडी कमी झाली तर सोडणाऱ्याला सोडणं जमतं, एवढाच त्यांचा दावा होता. गोळ्या आणि समुपदेशन चालूच राहणार होतं.

दाजींना हमी नसणं पटलं.

"लागला तर लागला गोळा," ते म्हणाले. "नेम धरणं आपल्या हातात असतंय."

त्या पहिल्या दिवशी अक्काही आली होती. डॉक्टर छापील कागदावरचे प्रश्न वाचत होते. डोक्यात किंवा मानेत धातूचा तुकडा आहे का? नाही. कधी फिट आली होती? नाही. ऐकायला कमी येतं का? नाही.

"टीव्ही ह्यांनी लावायचा आन् बातम्या शेजाऱ्यांनी ऐकायच्या," अक्का खिडकीकडे बघत म्हणाली.

डॉक्टर खुर्चीतून उठले, दाजींच्या मागे जाऊन उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात त्यांना गावाचं नाव विचारलं. दाजी समोरच्या भिंतीकडे बघत ताठ बसून राहिले. डॉक्टर परत जागेवर आले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मशीनचा आवाज मोठा असतो, कानात बोळे घालावे लागतात, कान आधीच अधू असतील तर जास्त जपावं लागतं, असं ते म्हणाले. यापुढे विचारलेलं खरं सांगा, असंही म्हणाले. दाजी म्हणाले, "जी साब."

बाहेर आल्यावर दाजींनी आम्हाला कानाची गोष्ट सांगितली. त्यांना त्यात लाज वाटत नव्हती. तोफेजवळ काही वर्षं काढली की कान जातोच. वार्षिक तपासणीत डॉक्टर मागे वीस फुटांवर उभा राहून हळू आवाजात आकडे बोलायचा. त्यांच्या जोडीदारांपैकी एकजण समोरच्या दाराच्या फटीत उभा राहून तेच आकडे बोटांनी दाखवायचा. पुढच्या खेपेला ह्याने त्याच्यासाठी उभं राहायचं. तब्येतीची कॅटेगरी उतरली की बढती थांबते आणि मग माणूस घरी येतो, म्हणून ही सोय.

"डॉक्टरला दुखणं सांगायचं नसतंय, पत्रकार," ते मला म्हणाले. लग्न झाल्यापासून ते मला पत्रकार म्हणतात. तेव्हा मी कॉलेजात होतो. "डॉक्टरला 'सब ठीक' सांगायचं असतंय."

"आन् बायकोला?" अक्काने विचारलं.

दाजींनी तिच्यासाठी रिक्षा थांबवली. अक्का लातूरच्या बसमध्ये बसली.

आमचं घर गोदावरीच्या पलीकडे सिडकोत आहे आणि दवाखाना शहरात. मी स्कूटरवर घेऊन जाईन असं ठरलं होतं. दाजींनी ते दुसऱ्याच दिवशी मोडलं. सिटिंग साडेदहाला असे. ते नऊला पायी निघत. वाटेत दारूची चार दुकानं लागतात, हे त्यांनी पहिल्या दिवशी स्कूटरवरूनच मोजलं होतं. चारही दहानंतर उघडतात. नऊला निघालं की ती शटर लावलेली असताना मागे पडतात. परतीला दुकानं उघडी असत, म्हणून परतीला ते माझ्या मागे स्कूटरवर बसत. ही व्यवस्था त्यांनी कुणाला समजावून सांगितली नाही. दोन-तीन दिवसांनी माझ्या लक्षात आली.

निघण्याआधी ते बुटांना पॉलिश करत. घरात माझ्या चपलांचीही धूळ त्यांनी सहन केली नाही.

मशीनची खोली लहान होती. दंतवैद्याकडे असते तशी मागे कलणारी खुर्ची, शेजारी कपाटाएवढं यंत्र आणि त्याला जाड वायरने जोडलेली, इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल. मशीन चालवणाऱ्या बाई तिशीतल्या होत्या, माहेर उदगीरचं. दाजी त्यांना ताई म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी दाजींच्या डोक्यावर घट्ट पांढरी टोपी चढवली, तिच्यावर टेपने मापं घेतली आणि पेनाने खुणा केल्या. मग कॉइल टेकवून एकेक ठोका देत जोर वाढवत नेला. ठरावीक जोराला दाजींच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला. त्यांनी हलवला नव्हता. ते अंगठ्याकडे बघत राहिले.

"हा तुमचा आकडा," ताई म्हणाल्या. प्रत्येक माणसाचा अंगठा वेगळ्या जोराला उडतो. त्यावरून उपचाराचा जोर ठरतो. मग कॉइल पुढच्या खुणेवर सरकवून ठोके सुरू झाले. पाट्याला टाकी लावताना होतो तसा आवाज, थोडा वेळ सलग आणि मग थांबून. दाजी नंतर म्हणाले की डोक्याला टाकीच लावायलेत, वाटण चांगलं निघंल.

तिसऱ्या दिवशी ठोके चालू असताना त्यांनी हात वर केला. ताईंनी मशीन थांबवलं, दुखतंय का विचारलं. दुखत नव्हतं. कॉइल खुणेवरून डावीकडे सरकली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ताईंनी बघितलं. बोटाच्या पेराच्या निम्म्याने सरकली होती. ठोका कुठे बसतोय ते कातड्यावर कळतं, दाजी म्हणाले. तोफेचा नेम लावणाऱ्याला एवढं कळायला पाहिजे. त्या दिवसापासून ताई कॉइल टेकवली की विचारत, "नंबर एक, बरोबर?" तोफेवरच्या जोडीत मुख्य माणसाला नंबर एक म्हणतात, हे दाजींनीच त्यांना सांगितलं होतं. दाजी डोकं न हलवता म्हणत, "बरोबर."

ओढीचा आकडा मात्र रोज शून्य होता. मी सकाळी वही उघडून विचारायचो आणि दाजी बुटाची नाडी बांधता बांधता सांगायचे, लिहा शून्य. पहिल्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांनी ते पान पाहिलं. ज्याला ओढच नाही तो माझ्याकडे कशाला येईल, असं ते म्हणाले. दाजी म्हणाले, "सब ठीक, साब." डॉक्टरांनी शून्यांखाली पेन्सिलने रेघ मारली आणि वही मला परत दिली.

मी संध्याकाळी सातला कधी घरी नसतो, ती अंकाची पानं लावायची वेळ असते. बायको घरी असे. तिने दोनदा सांगितलं की सातच्या सुमाराला दाजी गच्चीवरचे वाळलेले कपडे खाली आणतात, घड्या घालतात, त्या मोडतात आणि परत घालतात. साडेआठपर्यंत हे चालतं. मी ऐकून घेतलं. वहीत त्याला रकाना नव्हता. दुसऱ्या आठवड्यातही मी पाच शून्यं लिहिली.

दहा सिटिंग पुऱ्या झाल्या त्या शुक्रवारी उदगीरहून फोन आला. दाजींच्या हाताखाली तोफेवर काम केलेला एकजण निवृत्त होऊन रविवारी गावी येत होता. आमच्याकडे आता जवान निवृत्त झाला की त्याची मिरवणूक काढतात. स्टेशनवरून उघड्या जीपमध्ये उभं करतात, गळ्यात हार, पुढे बँड, दारोदार ओवाळणी. तालुक्यातले माजी सैनिक टोपी आणि पदकं लावून जीपच्या पुढे चालतात. हे सगळं दिवसा होतं आणि चांगलं होतं. संध्याकाळी कुणाच्या तरी शेतात जेवण असतं. तिथे त्याच्या लष्करी कॅन्टीनच्या कोट्यातली पहिली बाटली उघडतात आणि ती उघडायचा मान हजर असलेल्यांत सर्वांत जुन्या माणसाचा. जुना माणूस दाजीच होते.

अक्काने फोनवर नको म्हणून सांगितलं. दाजींनी मिरवणूक करून पाचच्या गाडीला बसतो म्हणून सांगितलं. माझी रविवारची ड्युटी होती. मी ती बदलून घेऊ शकलो असतो.

ते सोमवारी सकाळी परत आले. गाडी चुकली, असं म्हणाले. दाढी केलेली होती, शर्ट इस्त्रीचा होता. बायकोच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला. मी वही उघडली. झोप सात तास, ते म्हणाले. गोळ्या घेतल्या. ओढ शून्य.

बुटांना पॉलिश नव्हती. उदगीरची धूळ टाचेच्या शिवणीत बसलेली होती. मला ते दिसलं आणि मी शून्य लिहिलं.

त्या दिवशी पायी जायला वेळ नव्हता, मी स्कूटरवर नेलं. खोलीत गेल्यावर ताईंनी रोजचे प्रश्न विचारले. झोप? ठीक. नवी गोळी? नाही. दारू? नाही. सोमवारी अंगठ्याचा आकडा पुन्हा तपासायचा असे. ताईंनी टोपी चढवली, कॉइल टेकवली, ठोका दिला. अंगठा उडाला नाही. त्यांनी जोर थोडा वाढवला. नाही. आणखी वाढवला, तरी नाही.

ताईंनी कॉइल काढली, टेपने मापं पुन्हा घेतली. टोपी आपणच वाकडी बसवली असणार, असं त्या पुटपुटल्या. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा भलत्याच जोराला अंगठा जरासा थरथरला. ताईंनी डॉक्टरांना बोलावलं आणि ते आत आल्या आल्या म्हणाल्या, "सर, माझ्याकडून पोझिशन चुकतीय. सकाळपासून चुकतीय."

डॉक्टर त्यांच्यावर रागावले नाहीत, पण आवाज कडक झाला. दोन आठवडे एकच रुग्ण, एकच खूण, तरी पोझिशन चुकते कशी, असं त्यांनी विचारलं. आधीच्या सिटिंगही अशाच झाल्या असतील तर सगळं परत मोजावं लागेल, असं म्हणाले. ताई टेप गुंडाळत होत्या.

दाजींनी हात वर केला. मग कानातले बोळे काढले आणि खुर्चीतून उठून उभे राहिले, डोक्यावर ती पांढरी टोपी तशीच.

"ताईचं बरोबर हाय, साब. कॉइल खुणेवरच हाय. माझं चुकलंय."

डॉक्टर त्यांच्याकडे वळले.

"काल घेतली. रात्री झोप न्हाई. ताईला बोलू नका. गोळा भलतीकडं पडला तर नंबर एकचा दोष असतो."

"किती घेतली?"

"दोन पेग."

डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलं. ते शांतपणे बोलत होते. दारूने आणि जागरणाने अंगठ्याचा आकडा हलतो. सोडलेला माणूस एकदम पितो, मग झोपत नाही आणि अशा डोक्यावर चुंबकाचे ठोके दिले तर फिट येऊ शकते. ताईंनी अंगठा उडेना म्हणून जोर वाढवत नेला होता. अजून थोडा वाढवला असता तर या खोलीत काय झालं असतं, ते त्यांनी दाजींना एकेक करून सांगितलं. दाजी सावधानमध्ये उभे राहून ऐकत होते. डॉक्टरांनी बसायला सांगितलं, तेव्हा बसले.

मग डॉक्टरांनी वही मागितली. आजच्या तारखेसमोरचं शून्य बघितलं.

"आत्ता किती ओढ आहे?"

"आठ," दाजी म्हणाले.

"आणि ही शून्यं?"

"तो रिपोर्ट होता, साब."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "लिहिलंत तुम्ही?"

मी म्हटलं, त्यांनी सांगितलं तसं लिहिलं.

"बातमीसुद्धा अशीच छापता का?"

बावीस वर्षांत मी नव्या मुलांना हेच शिकवत आलो होतो: सांगणारा काय म्हणतो ते लिहा आणि तुम्हाला काय दिसलं तेही लिहा. बुटांची धूळ मला दिसली होती. घड्या घातलेले कपडे बायकोने दोनदा सांगितले होते.

डॉक्टरांचा निर्णय असा झाला: आज सिटिंग नाही. तीन दिवस झोप, गोळ्या, रक्ताची तपासणी. गुरुवारी अंगठ्याचा आकडा नेहमीच्या जागी आला तर उरलेल्या दहा होतील. झालेल्या दहा वाया गेल्या असं मी म्हणणार नाही, ते म्हणाले. वाया गेल्या नाहीत असंही म्हणणार नाही. आणखी एकदा खोटं सांगितलं तर मात्र मशीनला हात लावणार नाही. ओढ आठ असली तरी चालेल, दहा असली तरी चालेल. शून्य सांगायचं असेल तर ते कमावलेलं पाहिजे.

बाहेर पायऱ्यांवर दाजींनी माझ्याकडे फोन मागितला. त्यांचा स्वतःचा खिशात होता. अक्का त्यांचा उचलणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. तिला मी सांगतो, असं मी म्हटलं. ते नको म्हणाले. अंगणवाडीत पोरांचा गलका चालू होता, तो फोनमधून मलाही ऐकू येत होता, कारण कानामुळे दाजी स्पीकर लावूनच बोलतात. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघत होती.

"काल पिलो," दाजी म्हणाले. "डॉक्टरला सांगितलं. मीच सांगितलं."

अक्काने एका पोराला खाली बसायला सांगितलं.

"किती?"

"दोन."

"दोन म्हणजे चार."

दाजींनी पायरीकडे बघितलं. "चार," ते म्हणाले.

"डॉक्टरला किती सांगितलात?"

"दोन."

"मग जावा आत."

तिने फोन ठेवला. दाजींनी माझा फोन मला दिला, शर्ट नीट खोचला आणि परत आत गेले. बाहेर पाच-सहा रुग्ण नंबर धरून बसले होते. दाजींनी डॉक्टरांचं दार वाजवलं, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "साब, चार." डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिलं. दार परत लागलं. ताई औषधांच्या खिडकीजवळ उभ्या होत्या. दाजी जाताना त्या म्हणाल्या, "गुरुवारी वेळेवर या, नंबर एक."

त्या संध्याकाळी मी संपादकांना सांगून तीन दिवस सकाळची पाळी घेतली. सात वाजता मी घरी होतो. दाजी गच्चीवरून कपडे घेऊन आले. मी वही उघडली आणि काही विचारायच्या आत ते म्हणाले, आठ. मी आठ लिहिलं आणि खाली लिहिलं: चादरीची घडी पाच वेळा घातली. त्यांनी वाकून ते वाचलं. सहा वेळा, असं म्हणाले. मी दुरुस्त केलं.

गुरुवारी अंगठा नेहमीच्या आकड्याला उडाला. ताईंनी तो आकडा मोठ्याने वाचला आणि दाजींनी पहिल्यांदाच अंगठ्याकडे बघून मान डोलवली, जोडीदाराला डोलवावी तशी.

पुढच्या दोन आठवड्यांचे आकडे मी इथे सगळे देत नाही. ते शिस्तीत खाली आले नाहीत. आठ, सात, नऊ, सहा, सात, सात असे ते गेले. समुपदेशनाला दाजी आधी घड्याळ बघत बसायचे, आता बोलायला लागले होते, असं डॉक्टर म्हणाले. मशीनने किती केलं, गोळ्यांनी किती केलं आणि त्या पायऱ्यांवरच्या फोनने किती केलं, हे वेगळं काढता येणार नाही, असंही ते म्हणाले. काढून दाखवा, असं मीही त्यांना म्हटलं नाही.

शेवटच्या सिटिंगला अक्का आली. अहमदपूर, लोहा करत बस वेळेवर पोहोचली होती. दाजींना आत नेल्यावर तिने माझ्याकडे वही मागितली, बाकड्यावर बसली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. शून्यांची पानं तिने भराभर उलटली. पुढची पानं सावकाश वाचली, बोट ओळीखालून नेत. दाजी बाहेर आले तेव्हा वही तिच्या मांडीवर उघडीच होती.

"हे नऊ कधीचं?"

"शनिवारचं. हितं शेजारी वास्तुशांत होती. मागच्या अंगणात बसले होते पोरं बाटल्या घेऊन."

"पिलात का?"

"न्हाई."

"मग काय केलात?"

"पुलावर गेलो. पूल ओलांडून परत आलो. मग आणखी एकदा."

अक्काने माझ्याकडे बघितलं. खाली मी तसंच लिहिलं होतं: पूल दोनदा, सव्वासात ते नऊ, सोबत मी, रजा टाकून. तिने ते आधीच वाचलेलं होतं. तिला ते त्यांच्या तोंडून पाहिजे होतं.

तिने वही मिटली आणि पर्समध्ये ठेवली. ती वही तेव्हापासून माझ्याकडे नाही.

"घरात लई धूळ असंल," ती म्हणाली. "तीन महिने बंद हाय."

"मी झाडतो," दाजी म्हणाले.

"झाडावंच लागंल."

दुपारच्या गाडीने दोघं लातूरला गेली.

हिवाळ्यात कामानिमित्त लातूरला गेलो, तेव्हा त्यांच्याकडे मुक्काम केला. दाजी एका शाळेच्या फाटकावर दिवसपाळी करत होते. पाव्हण्यांचे फोन येत. कुणाचं लग्न, कुणाची हळद, आणि दाजी, तुम्ही पीत नसलात तर तुमचा कोटा आम्हाला तरी द्या की. अक्काने कॅन्टीनचं कार्ड स्वतःकडे ठेवलं होतं आणि त्यावर साबण, चहा आणि एक इस्त्री आणली होती. फोन ती उचलत असे. साबण पाहिजे का, असं विचारत असे.

संध्याकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात होतो. ओट्यावर तुरीच्या शेंगांचा ढीग होता. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले. दाजी पाटावर बसले.

"किती?" अक्काने गॅसकडे तोंड ठेवून विचारलं; मग आठवण येऊन वळली आणि त्यांना दिसेल असं परत विचारलं.

"सहा."

ती बरं म्हणाली आणि शेंगांची परात त्यांच्यासमोर सरकवली. ते सोलायला लागले. शेंग चिमटीत धरायची, शिवण फोडायची, दाणे वाटीत, टरफल बाजूला. वाटी भरली की ती रिकामी करून परत ठेवायची. मीही चार शेंगा सोलल्या. अर्ध्या तासाने तिने पुन्हा विचारलं.

"आता?"

दाजींनी हात थांबवून थोडा विचार केला.

"सहाच," ते म्हणाले, आणि पुढची शेंग घेतली.